बोका कोणाच्या बाजूचा

प्रा. देवराम महाले दाराची बेल वाजवत नाहीत. दारात उभे राहून निवेदन करतात. "स्थळ, जळगाव. वेळ, सकाळची. आलेली व्यक्ती, महाले. विषय, प्यायला पाणी." एवढे खणखणीत आवाजात झाले की ते क्षणभर थांबतात, जणू आतून कोणी रीळ फिरू लागल्याची खूण करणार आहे, आणि मगच उंबरा ओलांडतात. हा प्रकार प्रथम घडला तेव्हा आमच्या संस्थेचा शिपाई हातातले कुलूप तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिला. मी पदार्थविज्ञानातून ध्वनिशास्त्राकडे आलेली मुलगी. एखादी विचित्र गोष्ट एकदा दिसली तर अपवाद समजावी आणि पुन्हा दिसली तर तिचा नियम शोधावा, अशी मला शिस्त आहे. इथे नियम शोधायला फार वेळ लागला नाही. महाले, म्हणजे सगळ्यांचे आबा, चहापूर्वी निवेदन करतात, फोनवर 'हॅलो'च्या जागी निवेदन करतात, एसटीत कंडक्टरला तिकीट मागतानाही करतात. शिंक मात्र निवेदनाला सवड देत नाही, आणि प्रत्येक शिंकेनंतर त्यांचा चेहरा थोडा पराभूत दिसतो.

आबा धुळ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असत. त्यांची खरी ओळख वेगळी आहे. खानदेशातल्या बायकांची गाणी त्यांनी तरुणपणापासून स्पूलवर, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळांवर, उतरवून घेतली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलेली, कानबाई देवीपुढे म्हटलेली, शेतातली, जात्यावरची. ही सगळी रिळे त्यांनी आमच्या संस्थेला दिली आणि ती संगणकावर आणण्याचे काम माझ्याकडे आले. मला ते हवेच होते. या कामातून एक चांगला शोधनिबंध आणि त्या निबंधातून परदेशातली एक जागा, असा माझा सरळ हिशोब होता. लोकगीतांबद्दल मला विशेष भावना नव्हती. माझ्या दृष्टीने ते संकेत, म्हणजे सिग्नल, होते, आणि संकेतातला गोंगाट काढणे हे माझे काम होते.

गोंगाट म्हणजे काय, हे मला आबांनी शिकवले.

प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आबांचे निवेदन आहे. स्थळ, काळ, विषय, आणि मग नेमाने एक वाक्य : "गायिका, लोक." माणसाचे नाव कुठेही नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यांना फोन करून विचारले, "आबा, गाणाऱ्या बाईंचं नाव?"

"लोक."

"पण गात तर एकच बाई आहे."

"शास्त्रज्ञबाई, एकच बाई असं काही नसतं. बाईच्या मागे समूह असतो."

मी गायिकेच्या रकान्यात 'लोक' भरले. संगणकाने पुढच्या रकान्यात आडनाव मागितले.

आबांचा दुसरा ठेवणीतला प्रश्न म्हणजे "कोणाच्या बाजूचं?" जगात निरपेक्ष काही नाही, हा त्यांचा पाया. एकदा उकाड्यात मी विचारले, "आबा, पंखा दोनवर ठेवू की तीनवर?" तर ते शांतपणे म्हणाले, "दोन कोणाच्या बाजूचं?" मी म्हटले, "खिडकीच्या." हे उत्तर त्यांनी गंभीरपणे स्वीकारले. सावद्याच्या केळ्यांचा घड कोणी भेट दिला तरी तो कोणाच्या बाजूचा, हे ठरल्याशिवाय ते साल काढत नाहीत. त्यांच्या शेजारच्या लतावहिनी त्यांना रोज जेवण आणून देतात. वहिनी अहिराणीत बोलतात, आबा ग्रंथातल्या मराठीत. मी धुळ्याला त्यांच्या घरी प्रथम गेले तेव्हा दारातच ऐकले :

"स्थळ, धुळे. वेळ, मध्यान्ह. विषय, भोजन. आजच्या भाकरीच्या पार्श्वभूमीविषयी दोन शब्द—"

"आबा, भाकर थंडी व्हई राहिनी. निवेदन मंग करा." मग माझ्याकडे वळून, "बसा ताई. यास्नं ऐकी ऐकी मना कानबी प्रोफेसर व्हई ग्यात."

आबांच्या बैठकीच्या खोलीत तीन खुंट्या आहेत आणि तीन खुंट्यांवर तीन पिशव्या. पहिली लाल झोळी. ती त्यांच्या तरुणपणातली, जेव्हा जगातले सर्व प्रश्न वर्गाचे होते आणि ते सही 'डी. यू. महाले' अशी करत, कारण नावात देव असणे त्यांना सोसत नव्हते. दुसरी केशरी कापडाची. त्या काळात देव नावात परतला, कपाळावर टिळा आला आणि सर्व प्रश्न संस्कृतीचे झाले. तिसरी निळसर, खादीची. हा अलीकडचा काळ. देव पुन्हा आद्याक्षरात गेला आणि सर्व प्रश्न पुरोहितशाहीचे झाले. लोक मते बदलतात, त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. माझीही बदलतात. मला धक्का बसला तो वेगळ्या गोष्टीचा. आबा प्रत्येक वेळी मताबरोबर टेपही बदलत आले होते.

हे मला हळूहळू कळले, आणि कळले तेव्हा मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लाल झोळीच्या काळात आबा फक्त राबणाऱ्या बाईचे गाणे घेत. एखादी निवांत ओट्यावर बसून गाऊ लागली तर तिच्या हाती विळा देत. पाचोऱ्याकडच्या एका टेपवर एक आजी स्पष्ट विचारते, "हाऊ इळा कसाले भो?" आणि तरुण आबा कुजबुजतात, "नुसता धरा." केशरी काळातल्या टेपांवर गाण्याआधी घंटा वाजते. घंटा सगळीकडे एकच आहे, तिची कंप्रता मी मोजली. ती त्यांच्या स्वतःच्या देव्हाऱ्यातली होती. तिसऱ्या काळात देवाचे नाव आले की आबांचा खोकला येतो. मुक्ताईनगरच्या बाजूच्या एका गाण्यात मुक्ताईचे नाव अनेकदा आहे, आणि ते गाणे ऐकताना एखाद्या दवाखान्यात बसल्यासारखे वाटते.

मोजमापात ढवळाढवळ करू नये, हे मला अकरावीच्या प्रयोगशाळेत शिकवले गेले होते. वर्नियरचे माप हवे तसे आले नाही म्हणून कोणी स्क्रू पिळत नाही. मी फोनवर आबांना जरा कडकपणेच म्हणाले, "हे पुराव्यात फेरफार करणं आहे."

"पुरावा कोणाच्या बाजूचा?"

"आबा, पुरावा पुराव्याच्या बाजूचा."

मग त्यांनी अगदी वेगळ्या, निवेदन नसलेल्या आवाजात विचारले, "खाली काय आहे?"

"कॅन्टीन," मी म्हणाले. "आमचा विभाग पहिल्या मजल्यावर आहे."

त्यांनी फोन ठेवला. तो प्रश्न मजल्याविषयी नव्हता, हे कळायला मला एक आठवडा लागला.

आबांच्या कीर्तीचा सगळा डोलारा एका गाण्यावर उभा आहे. आखाजीचे गाणे, झोक्यावर म्हटलेले. त्यात एक बोका येतो आणि दुधावरची साय खाऊन जातो. त्या गाण्याच्या ज्या ओळी आबांनी छापल्या त्या अशा :

बोका ऊना, साय खाई गया,
बठ्ठं गाव निजेल, कोनी नही दखा.

बोका आला, साय खाऊन गेला, सगळे गाव झोपलेले, कोणी पाहिले नाही. या दोन ओळींवर आबांनी तीन प्रबंध लिहिले. पहिल्यात बोका हा जमीनदार आणि निजलेले गाव म्हणजे वर्गजाणीव नसलेला शेतमजूर. दुसऱ्यात बोका हा परकी आक्रमक आणि गाव म्हणजे स्वतःला विसरलेला समाज. तिसऱ्यात बोका हा पुरोहित आणि गाव म्हणजे त्याने अज्ञानात ठेवलेले बहुजन. साय मात्र तिन्हीत सायच राहिली. या प्रबंधांवर चर्चासत्रे झाली, त्यांना उत्तरे दिली गेली, उत्तरांवर खंडणे आली. आमच्या संस्थेच्या सल्लागार समितीत तीन सदस्य आहेत, आणि प्रत्येक जण आबांच्या एकेका काळाचा शिष्य आहे. गुरू पुढे गेले, शिष्य जिथल्या तिथे राहिले. तिघेही गुरूशी बोलत नाहीत आणि एकमेकांशी तर त्याहून कमी बोलतात.

या गाण्याच्या तीन कॅसेट माझ्याकडे तीन ठिकाणांहून आल्या. आबांनी त्या त्या काळात मूळ रिळावरून काढून वाटलेल्या प्रती होत्या त्या. मी त्यांचे आलेख पडद्यावर एकाखाली एक लावले, आणि मला जे दिसले त्यावर माझा प्रथम विश्वासच बसला नाही. पहिल्या कॅसेटवर निवेदन आटोपशीर आहे आणि गाणे "बोका ऊना" पासून सुरू होते. दुसरीवर निवेदन लांबले आहे आणि गाणे "बठ्ठं गाव" पासून. तिसरीवर निवेदन एखाद्या अध्यक्षीय भाषणाएवढे आहे, आणि त्यानंतर बाईच्या तोंडून जे पहिले येते ते "जेल". 'निजेल' मधला उरलेला तुकडा. तिसऱ्या प्रबंधात या 'जेल'वर एक संपूर्ण परिच्छेद आहे.

म्हणजे आबा नवे निवेदन जुन्या निवेदनावरच करत आले होते. मूळ रिळावर. प्रत न काढता. प्रत्येक नवी विचारसरणी आधीच्यापेक्षा बोलकी होती, आणि तिला लागणारी जागा ती गाण्यातून घेत होती.

मी पुढची एसटी पकडून धुळ्याला गेले. वाटेत पारोळ्याला चहा घेतला तोही लागला नाही, इतकी मी रागावले होते.

आबा ओट्यावर बसले होते. मला पाहताच म्हणाले, "स्थळ, धुळे. वेळ, दुपार. आलेली व्यक्ती, शास्त्रज्ञबाई. विषय—"

"विषय, तुम्ही गाणं खाल्लंत," मी म्हणाले.

लतावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पुढे काय होते हे पाहण्याची त्यांची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट होती.

आबांनी युक्तिवाद केला नाही. बाजू विचारली नाही. त्यांनी फक्त इतकेच विचारले, "पहिल्या निवेदनाच्याही खाली काही आहे का? ऐकू येतं का?"

"खाली म्हणजे?"

"एक कडवं आहे. बोक्याच्या आधीचं. पहिलं निवेदन मी त्याच्यावर केलं." ते चष्मा पुसू लागले. "ते मला आता आठवत नाही. चाल आठवते. शब्द गेले."

"कशासाठी हवंय ते?"

"संशोधनासाठी."

"मंग संशोधनकरताज त्या टेपना मांगे लागनात?" लतावहिनी मला म्हणाल्या. "ताई, रिळं संस्थाले दिधात ना, त्या दिनपाइन यास्ले झोप नही शे. रोज सांजले म्हनतंस, आज खालनं सापडनं व्हई."

"वहिनी, हे तुम्हा दोघींच्या विषयाबाहेरचं आहे," आबा म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि वयाच्या त्या टप्प्यावर कान लाल झालेला प्राध्यापक मी प्रथमच पाहत होते.

पुसलेला आवाज परत येत नाही, असे सांगून मी निघाले. ते खरे होते, परंतु संपूर्ण खरे नव्हते. जळगावला परतल्यावर मी मूळ रीळ भिंगाखाली धरले. गाणे प्रथम महाविद्यालयाच्या मोठ्या यंत्रावर उतरवलेले होते. निवेदने आबांच्या घरच्या लहान यंत्रावर केलेली. दोन यंत्रांची हेडे, म्हणजे टेपला टेकणारे त्यांचे डोके, एका उंचीवर नव्हती. लहान यंत्राने पुसले तेव्हा टेपच्या खालच्या कडेला केसाएवढी एक रेघ पुसायची राहून गेली होती. माझ्या यंत्राचे हेड खाली सरकवून त्या रेघेवर टेकवता आले, तर सगळ्या निवेदनांच्या खालचा आवाज निघण्याची शक्यता होती.

अडचण अशी की रिळाचा थर सुटत होता. हात लावला तरी बोटाला तपकिरी भुकटी लागे. असे रीळ एकदा फिरवावे, आणि जे ऐकायचे ते त्या एकदाच ऐकून घ्यावे. हेड मधोमध लावायचे की कडेला, हे आधी ठरवणे भाग होते. मधोमध तिसरे निवेदन स्वच्छ मिळणार होते. कडेला काय मिळेल, याची कोणालाच खात्री नव्हती.

संचालक बाविस्कर सरांनी समिती बोलावली. त्या बैठकीत मी जे ऐकले त्यातून मी अजून सावरलेले नाही.

"पहिलं निवेदन हेच शास्त्रीय," पहिल्या शिष्याने सांगितले. "तेच संग्रहात लावा. नंतरचं अधःपतन आहे."

"संग्रह लोकांच्या पैशातून होतोय," दुसरे म्हणाले. "लोकांना घंटेचं निवेदन आवडतं."

"घंटा कोणाच्या देव्हाऱ्यातली ते आधी सांगा," तिसरे म्हणाले.

ती कोणाच्या देव्हाऱ्यातली ते मी सांगू शकले असते, परंतु कोणी मला विचारले नाही. अखेर मीच विचारले, "आणि गाणं?"

"कोणतं गाणं?"

"निवेदनानंतर आहे ते."

तिघेही पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहू लागले. एका सदस्याने समजुतीच्या सुरात सांगितले, "ताई, बोका कोणता हे ठरल्याशिवाय गाणं ठरत नाही."

बैठक निर्णयाविना संपली. बाहेर पडताना बाविस्कर सर घाम पुसत मला म्हणाले, "समितीचं ठरेपर्यंत तुम्ही काय ते तांत्रिक करून ठेवा."

सरकारी भाषेत 'तांत्रिक' हा शब्द फार उदार आहे. तिसरे निवेदन तर कॅसेटवर माझ्याकडे होतेच. मधोमध हेड लावून मला नवीन काहीच मिळणार नव्हते. मी आबांना फोन केला. "स्थळ, जळगाव," मी म्हणाले. "विषय, कड. उद्या या."

ते आले. दारात थांबले. मी आणि शिपाई दोघेही निवेदनाची वाट पाहत राहिलो. आबा काही न बोलता आत आले आणि खुर्चीत बसले. शिपायाने मला डोळ्यांनीच विचारले की यांची तब्येत बरी आहे ना.

मी कूलर बंद केला, कारण त्याची घरघर यंत्राच्या तारांत शिरते. उन्हाने खोली तापली. आबांच्या कानांवर हेडफोन ठेवला, एक स्वतःच्या, आणि रीळ सोडले.

प्रथम नुसती खरखर आली. मग अगदी वरून, दुसऱ्या खोलीतून यावे तसे आबांचे भाषण, तिसऱ्या काळातले, पुसट. आणि त्याच्या खाली, ओढ्याच्या तळाशी दगड दिसावा तसा, एका तरुण बाईचा आवाज. ती गात नव्हती. बोलत होती.

"चालू व्हयनं का रे तुनं यंतर?"

"व्हयनं. म्हन ना वं अक्का." हा आवाज मुलाचा होता. चेष्टेखोर, घाईतला, अस्सल अहिराणी. तो कोणाचा हे कळायला मला आबांकडे पाहावे लागले.

"नही. आगोदर सांग. कोनले ऐकाडशी?"

"कोनलेच नही. म्हन."

झोक्याची कडी करकरली. आणि तिने म्हटले :

भाऊ मना शिकेल, हातमा पुस्तक,
व्हटवर साय शे, म्हणे बोका ऊना.

त्यानंतर मुलगा इतका मोठ्याने हसतो की आवाजाची पातळी दाखवणारी सुई लाल पट्ट्यात जाते. मग "बोका ऊना, साय खाई गया" सुरू होते. आणि तेवढ्यात कडेची रेघ संपली, थर सुटला, आणि रीळ रिकामे फडफडू लागले.

माझा भाऊ शिकलेला, हातात पुस्तक, ओठांवर साय आहे, आणि म्हणतो बोका आला होता. मी पाचोऱ्यात वाढले, अहिराणी मला समजते. तरी मला तो अर्थ मनात दोनदा लावून पाहावा लागला. बोका कधी आलाच नव्हता. जमीनदार नव्हता, आक्रमक नव्हता, पुरोहित नव्हता. दुधावरची साय चोरून खाणारा एक शिकलेला मुलगा होता, आणि त्याची थट्टा करणारी, आखाजीला माहेरी आलेली त्याची मोठी बहीण. तीन प्रबंध, तीन शिष्य आणि एक समिती त्या मुलाच्या थापेवर उभी होती. मी विज्ञानाची मुलगी आहे, मला चुकीचे निष्कर्ष पाहण्याची सवय आहे. पण आपला निष्कर्ष चुकीचा असल्याचे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते, असा संशोधक मी पाहिला नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

आबांनी हेडफोन काढला नव्हता. त्यात आता काही नव्हते.

"प्रबंधात बोका लागत होता," ते म्हणाले. "पहिलं कडवं राहिलं असतं तर बोका राहिला नसता. म्हणून निवेदन थोडं लांबवलं. मला वाटलं, शब्द तर मला पाठच आहेत. घरचंच गाणं. अक्काला केव्हाही म्हणायला सांगता येईल."

"मग सांगितलं नाहीत?"

"ती सावद्याला दिलेली. केळीच्या मळ्यात. आखाजीला तिला आणायला मीच जायचा. मुऱ्हाळी." त्यांनी हेडफोनची तार बोटाभोवती गुंडाळली. "मग मी मोठा झालो. आखाजीला माझी व्याख्यानं असायची. लोकगीतांवर."

शिपायाने चहा आणून ठेवला. आबांनी कप उचलला आणि निवेदन न करता प्याले. चहाच्या वर साय आली होती. ती त्यांनी चमच्याने अलगद बाजूला काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि खाल्ली.

"अक्का कधी गेल्या?" मी विचारले.

"झाली वर्षं. गेली तेव्हा तिच्या सुनेनं विचारलं, मामा, तुमच्याकडे सासूबाईंचा आवाज आहे म्हणतात. मी म्हणालो, आहे, पण त्याच्यावर माझा आहे."

मी संगणकाकडे वळले आणि मिळालेला तुकडा साठवू लागले. रकाने नेहमीचेच होते. स्थळ, विषय, गायिका. मी गायिकेच्या रकान्यावर थांबले आणि सवयीने 'लोक' लिहू लागले.

"थांब, पोरी," आबा म्हणाले. त्यांनी मला यापूर्वी 'तू' म्हटले नव्हते. "माइक चालू कर."

"निवेदन?"

"हो. पण सुरुवातीला लावू नको. शेवटी लाव. तिचं सगळं म्हणून झालं की मग. मधे जागा सोड."

मी माइक चालू केला. आबांनी घसा खाकरला. त्या घशातून मी इतक्या दिवसांत एकही अहिराणी शब्द ऐकला नव्हता.

"ठिकान, आमना घरना झोका," ते म्हणाले. "गायिका, शेवंता. मनी अक्का. विषय, साय."

नेहमीप्रमाणे ते क्षणभर थांबले. रीळ फिरत असल्याची खूण मी मानेनेच केली.

"मीच खायेल व्हती."